लोटनचं शेत विषमभुज आहे

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या गावचे पोलीस पाटील माननीय श्री. उदेसिंगजी, शहाद्याहून धुळीचा रस्ता तुडवत मुद्दाम आलेले आमच्या खात्याचे, शाळा तपासणारे दिपोटीसाहेब, सत्कार कमिटीचे चिटणीस आणि एके काळचे माझे विद्यार्थी श्री. बन्सीलाल, व्यासपीठावरची इतर थोर मंडळी, माझे सहकारी शिक्षक, समोर सतरंजीवर बसलेले ग्रामस्थ, मागे पडवीत बसलेल्या माताभगिनी, आणि खिडक्यांच्या गजांना लोंबकळणारे विद्यार्थी. विद्यार्थ्यांना मी खाली उतरा म्हणून सांगणार नाही. आजपासून तो अधिकार माझ्याकडे राहिलेला नाही.

आपण सगळे माझ्याविषयी इतकं चांगलं बोललात की हा वीरसिंग मास्तर कोण, असं मलाच विचारावंसं वाटलं. मी खाली मान घालून ऐकत होतो. कोणाला वाटलं असेल, विनयाने. तसं काही नव्हतं. मी मांडीवरच्या मानपत्राकडे पाहत होतो.

मानपत्र सुरेख आहे. चौकट सागवानी, काच स्वच्छ, अक्षर वळणदार, खाली सन एकोणीसशे अडतीस. आणि भूमितीच्या मास्तराला शोभेल म्हणून वर सोनेरी शाईने एक त्रिकोण काढला आहे. पाया आडवा, शिरोबिंदू बरोबर मधोमध, दोन्ही बाजू सारख्या, देवळाच्या शिखरासारखा डौलदार. समद्विभुज. समारंभात असं बोलू नये, पण तो पाहिला आणि माझ्या तोंडाची चव गेली.

आपण म्हणाल, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. त्या बिचाऱ्या त्रिकोणाने याचं काय घोडं मारलं? सांगतो. सत्काराला उत्तर देण्याची रीत आहे आणि ती मी पाळणार आहे. फक्त मला माझ्या वाटेने जाऊ द्या.

नोकरीभर मी नव्या वर्गाला पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगत आलो. पाटीवर कोणताही एक त्रिकोण काढा. कोणताही! आणि दर वर्षी सगळा वर्ग हाच काढतो, हा मानपत्रावरचा. अरे, मी कोणताही म्हटलं होतं ना? एकदा एका पोराने उत्तर दिलं, "मास्तर, हाऊच चांगला दिखस." चांगला दिसतो म्हणून! नवरी पाहायला निघाला होतात की काय? तेव्हा मी हसून सोडून दिलं. आता मला हसू येत नाही.

कारण चांगला दिसणारा त्रिकोण आपल्या मुलखात मला तरी फारसा भेटला नाही. बाजूंवरून त्रिकोणाचे तीन प्रकार, हे इथल्या निम्म्या मंडळींनी माझ्याकडे छड्या खाऊन पाठ केलं आहे. तिन्ही बाजू सारख्या तो समभुज. हा मी फळ्याबाहेर कधी पाहिला नाही. पुस्तक छापणाऱ्यांनी तो आपल्या सोयीसाठी पाळला असावा, असं माझं मत आहे. दोन बाजू सारख्या तो समद्विभुज, सगळ्यांचा लाडका. आणि तिन्ही बाजू वेगवेगळ्या तो विषमभुज. नाल्याचं वळण घ्या, गाडीवाट घ्या, ढासळलेल्या भिंतीचा कोपरा घ्या, जिथे तिथे हाच. आणि हाच कोणाला नको. परीक्षेत विषमभुज आला की पोरं असं तोंड करतात जसं काही ताटात कारलं वाढलं.

कोनांवरून पुन्हा तीन प्रकार. तिन्ही कोन काटकोनाहून लहान तो लघुकोन त्रिकोण, एक कोन बरोबर काटकोन तो काटकोन त्रिकोण, आणि एक कोन काटकोनाहून मोठा तो विशालकोन त्रिकोण. अध्यक्ष महाराज, आपली परवानगी असेल तर इथे आपली एक आठवण सांगतो. नाही तरी सांगणारच आहे.

उदेसिंगजी तेव्हा पाचवीत होते. तेव्हाच्या दिपोटीसाहेबांनी यांना उभं केलं. यांनी सगळे प्रकार एका दमात म्हटले. साहेब खूश झाले, म्हणाले, विशालकोन त्रिकोण काढून दाखव. यांनी पायाच्या एका टोकाला विशालकोन काढला. मग दुसऱ्या टोकालाही काढला. त्रिकोणात विशालकोन एकच मावतो, पण अध्यक्षांचा स्वभाव लहानपणापासून उदार. दोन्ही रेषा वर जाता जाता एकमेकींपासून लांब लांब निघाल्या. फळा संपला, भिंत लागली, अध्यक्ष खडू घेऊन भिंतीवर. साहेबांनी विचारलं, अरे, पण शिरोबिंदू कुठे आहे? हे म्हणाले, "साहेब, फुडे भेटतीन."

हसा, हसा. अध्यक्षही हसत आहेत, त्यांचं मन मोठं आहे. मी त्या दिवशी छडीला हात लावला नाही. ज्याला येत नाही, त्याचा मला कधी राग आला नाही. न येणाऱ्यांसाठीच तर सरकार आम्हाला ठेवतं.

आता एक शेवटचा धडा. दिपोटीसाहेब, आपण घड्याळ पाहिलंत, मी पाहिलं. थोडं सोसा.

त्रिकोणाच्या शिरोबिंदूतून समोरच्या बाजूकडे तीन मानाच्या रेषा निघतात. एक समोरच्या बाजूच्या मध्यावर जाते, ती मध्यगा. दुसरी समोरच्या बाजूवर काटकोनात पडते, तो शिरोलंब. तिसरी शिरोबिंदूजवळच्या कोनाचे दोन सारखे भाग करते, तो कोनदुभाजक. समद्विभुज त्रिकोणात शिखरावरून या तिन्ही काढल्या तर एकीवर एक पडतात. रेघ एकच, नावं तीन. म्हणून तो पोरांचा लाडका, कारण एक रेघ ओढली की तीन गणितं सुटतात. विषमभुजात या तिघी तीन दिशांना जातात आणि एकीचं काम दुसरी करत नाही. त्रिकोणाचे दोन सारखे तुकडे हवे असतील तर मध्यगाच लागते. मध्यगेने समोरची बाजू निम्मी होते, दोन्ही तुकड्यांना सारखा पाया मिळतो, उंची तर दोघांची एकच. म्हणून दोघांचं क्षेत्रफळ सारखं. झालं, इतकंच.

हे मी फळ्यावर नेहमी वेडावाकडा त्रिकोण काढून शिकवलं आहे. पोरं वहीत उतरवून घेताना तो सरळ करून घ्यायची. म्हाताऱ्याचा हात हलला असेल, असं समजून मास्तरचीच चूक सुधारायची. पालथ्या घड्यावर पाणी कसं पडतं, ते पाहायचं असेल तर कोणीही महिनाभर भूमिती शिकवून पाहावी.

असो. आता वही मिटा आणि नाल्यावर चला. म्हणजे मनाने चला.

नाल्याकाठचं ते शेत आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. एका अंगाला नाला, त्याचा बांध लांबलचक. दुसऱ्या अंगाला प्रकाशा गावाकडे जाणारी गाडीवाट, तिचा बांध आखूड, नाल्याच्या बांधाच्या जेमतेम निम्मा. समोरून भीमसिंगांच्या शेताचा बांध. तीन बाजू, तिन्ही वेगळ्या. आणि नाला नि गाडीवाट जिथे एकमेकांना भेटतात, त्या कोपऱ्यात शेंदूर लावलेला म्हसोबा. म्हणजे या त्रिकोणाच्या शिरोबिंदूवर प्रत्यक्ष देव बसला आहे.

हे शेत दोघा भावांचं. थोरले बन्सीलाल, आपले चिटणीस. माझ्या हाताखाली सातवीची फायनल पास झाले आणि भूमितीत सबंध तालुक्यात पहिले आले. त्या वेळी मी गावभर पेढे वाटले होते. धाकटा लोटन. तो तिकडे दाराशी उभा आहे. लोटन भूमितीत नापास झाला आणि त्याने शाळा सोडली. लोटन, बस बाबा. कोणी म्हटलं नसेल तर मी म्हणतो, बस.

गेल्या वैशाखात भाऊ वेगळे झाले. घराची वाटणी झाली, बैलांची झाली, भांड्यांचीही झाली, कुठे वर आवाज गेला नाही. मग शेताची पाळी आली. पंच म्हणून आजचे अध्यक्ष आणि आणखी दोघे गृहस्थ. पंचांत एक शिकलेला माणूस दिसावा म्हणून मलाही नेलं होतं. मांडवात केळीचा खांब लावतात ना, तसा मी तिथे उभा होतो.

आपल्याकडची वाटणीची चाल जुनी आहे. दोघा भावांनी शेतातल्या देवाला पाठ टेकून उभं राहायचं. एकाने देवाच्या एका हाताच्या बांधाच्या रोखाने तोंड करायचं, दुसऱ्याने दुसऱ्या हाताच्या. मग नांगराचं पहिलं तास देवापासून निघून दोघांच्या बरोबर मधून जायचं. देवापाशी दोघे सारखे, हा त्यातला अर्थ. मी या चालीला नावं ठेवत नाही. आपली बहुतेक शेतं चौकोनी, देव बांधाच्या मध्यावर, आणि बांध त्याच्या दोन्ही हातांना सरळ गेलेला. तिथे मधून तास काढलं की ते काटकोनात समोर जातं आणि शेताचे दोन सारखे तुकडे पडतात. ज्या वाडवडिलांनी ही चाल पाडली त्यांना भूमिती येत होती की नाही, कोण जाणे. त्यांचं उत्तर बरोबर यायचं.

पण इथे देव बसला कोपऱ्यात आणि शेत विषमभुज. भाऊ उभे राहिले. थोरल्याने पाण्याकडची बाजू घ्यायची, हीही रीतच. म्हणून बन्सीलालचं तोंड नाल्याकडे आणि लोटनचं गाडीवाटेकडे. नारळ फुटला, बैलजोडी निघाली. तास देवाजवळून अगदी दोघांच्या मधून गेलं, त्यात काही खोट नाही. पुढे जाऊन ते भीमसिंगांच्या बांधाला लागलं आणि मी दोन्हीकडे पाहिलं. त्या जागेवरून गाडीवाटेवरच्या माणसाशी नुसतं बोलता आलं असतं. नाल्यावरचा माणूस मात्र कोण आहे, ते ओळखू येईना.

मंडळी, ही मध्यगा नव्हती. हा कोनदुभाजक होता. कोपऱ्यातला कोन निम्मा झाला, शेत निम्मं झालं नाही. नाल्याचा बांध गाडीवाटेच्या दुप्पट, म्हणून नाल्याकडचा तुकडाही लोटनच्या तुकड्याच्या दुप्पट. हाताच्या कांकणाला आरसा कशाला? कधीही जाऊन पाहा.

मी अध्यक्षांना तिथल्या तिथे म्हटलं, पाटील, हे निम्मं झालेलं नाही. अध्यक्ष म्हणाले, "मास्तर, देवना म्होरे दोन्ही भाऊ सारखा उभा शेतस. आजून काय पाहिजे?" मी म्हटलं, शेत विषमभुज आहे. तर म्हणाले, "शाळानं शाळामा ऱ्हाऊ द्या."

शाळेतलं शाळेत राहू द्या! अध्यक्ष महाराज, आपण आत्ता भाषणात म्हणालात की मास्तरांनी गावाला ज्ञानाची वाट दाखवली. ती वाट कुठपर्यंत जाते? शाळेच्या फाटकापर्यंत? मग इतकी वर्षं मी काय केलं? पोपट पढवले? आपण केलं ते न कळून केलं, हे मला मान्य आहे. पण न कळण्याचाही एक तोरा असतो, आणि त्या तोऱ्याचा मला उबग आला आहे.

मग मी बन्सीलालना बाजूला घेतलं. तिथे एक बाभूळ आहे, तिच्याखाली. मला खरंच वाटत होतं की यांच्या लक्षात आलं नसेल. मी म्हटलं, बन्सी, हा कोनदुभाजक झाला, मध्यगा हवी होती. समोरच्या बांधाचा मध्य काढ आणि देवापासून तिथे तास ने. अजून नांगर जुंपलेलाच आहे.

बन्सीलालनी इकडे तिकडे पाहिलं. हसले. आणि दिपोटीसाहेबांपुढे उभे राहिल्यासारखे शुद्ध मराठीत म्हणाले, "मास्तर, कोनाचा दुभाजक समोरच्या बाजूला लगतच्या बाजूंच्या प्रमाणात छेदतो. मला ठाऊक आहे. पण इथे दुसऱ्या कोणाला ठाऊक आहे?"

प्रमेय अचूक होतं. एक शब्द मागेपुढे नाही. परीक्षेत मी पूर्ण गुण दिले असते. आणि ते ऐकून मला शिसारी आली. मंडळी, मी पोरांचे शेंबूड पुसले आहेत, खरजेच्या साथीत त्यांच्या हाताला मलम लावलं आहे, कधी नाक मुरडलं नाही. त्या बाभळीखाली मात्र मला तोंड धुवावंसं वाटलं. न येणाऱ्याने चुकीचं उत्तर लिहिलं तर ते पुसता येतं. बरोबर उत्तर येत असताना भावाच्या पाटीवर चुकीचं लिहून ठेवणाऱ्याचं काय करायचं, हे आम्हाला ट्रेनिंग कॉलेजात कोणी शिकवलं नाही.

चिटणीस उभे राहिले आहेत. काय म्हणता? मोठ्याने म्हणा, मागे ऐकू गेलं नाही. "मास्तर, हाऊ सत्कारना कार्यक्रम शे." बरोबर आहे, बन्सीलाल, हा सत्काराचाच कार्यक्रम आहे. आणि बरं झालं, तुम्ही आपल्या भाषेत बोललात. तुमच्या शुद्ध मराठीची मला आताशा भीती वाटते. बसा. अध्यक्ष महाराज, घंटीवरचा हात काढावा. घंटी शाळेची आहे आणि माझा तास अजून संपलेला नाही.

लोटनलाही मी सांगितलं होतं, तोंडावर. तो म्हणाला, "मास्तर, भाऊ मोठा शे. देवना म्होरे उभा ऱ्हाईसन खोटं कसं करी?" ज्याला देवाची भीती होती तो नापास झालेला होता.

पाऊस झाला, पेरण्या झाल्या, कापूस फुटला. परवा सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा उठली, त्या सुमाराला मी प्रकाशाहून येत होतो. नाल्याकाठी बायका कापूस वेचत होत्या. त्यांत लोटनची बायको धनुबाई. मी थांबलो. म्हटलं, धनुबाई, तुमचं शेत तासाच्या पलीकडे ना? ती म्हणाली, "आम्हनं येची व्हयनं, मास्तर. व्हतंच कितलं? आते जेठना वावरमा मजुरीवर येस."

थोरल्या दिराच्या वावरात! काल जे शेत तिच्याही घरचं होतं, त्यातला कापूस ती मजुरीने वेचत होती. तिने ओटीतला कापूस खाली ठेवला आणि मला विचारलं, "मास्तर, तुम्हना शाळामा निम्मं म्हंजे कितलं ऱ्हास?" मी म्हटलं, बाई, शाळेत काय आणि शेतात काय, निम्मं म्हणजे निम्मंच. तेव्हा ती म्हणाली, "मंग या दोन्ही भाऊ एकच शाळामा कसा शिकनात?"

मंडळी, माझ्या सबंध नोकरीत कोणत्याही दिपोटीने मला इतका अवघड प्रश्न विचारला नाही. साहेब, राग मानू नका.

तरीही मी आज गप्प बसलो असतो. खरं सांगतो. चार गोड शब्द बोलायचे, नारळ घ्यायचा, तळोद्याला मुलीकडे जायचं, असंच मी ठरवलं होतं. इथे राहून मन विटून गेलं होतं, म्हटलं, उरलेले दिवस डोंगराकडे तोंड करून बसावं. पण आज दुपारी पंगतीत दिपोटीसाहेब सहज बोलून गेले. शहाद्याहून त्यांच्याच गाडीत जमीन मोजणीचा माणूस आला आहे आणि तो बन्सीलालच्या ओसरीवर उतरला आहे. उद्या सकाळी नाल्याकाठच्या शेतात हद्दीचे दगड रोवायचे आहेत. त्या माणसाचा काही दोष नाही. दोघे भाऊ संमतीने बोट दाखवतील तिथे तो दगड रोवणार. लोटन भाऊ म्हणेल तिथे बोट दाखवणार. एकदा सरकारी दगड बसला की लोटनच्या नातवालाही तो हलवता यायचा नाही.

आणि उद्या सकाळीच माझी मिरवणूक! सत्कार कमिटीने ठरवली आहे. लेझीम, ढोल, गुलाल, सजवलेली गाडी, अख्खा गाव मला वेशीपर्यंत पोचवणार. मला वाटत होतं, केवढं हे प्रेम! पंगतीत घास हातात राहिला आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गावाने उद्या उत्तरेच्या वेशीकडे मास्तरामागे नाचायचं आणि दक्षिणेला नाल्यावर दगड बसायचे. लेझमाच्या गलक्यात पहारीचा आवाज कोणाला येणार? ज्याला मध्यगा म्हणजे काय ते ठाऊक आहे, त्यालाच गुलाल लावून वाजतगाजत गावाबाहेर काढायचं. बन्सीलाल, तुमची हुशारी मी पहिल्यापासून ओळखून आहे. पण माझ्या निरोपाचा असा पडदा करायचा? मला आज तुमच्या हातचा पेढा खाववला नाही, तो त्या पानात तसाच राहिला आहे. तुम्ही विचारलंत, तेव्हा मी दाताचं दुखणं सांगितलं. दात उत्तम आहेत.

बरं. मिरवणूक माझी आहे ना? मग वाट मी सांगतो. उद्या मिरवणूक उत्तरेला जाणार नाही, नाल्यावर जाईल. ढोल तिथे वाजवा, गुलाल तिथे उधळा, म्हसोबाला वर्षाचा गुलाल तेवढ्यात होईल. मग भीमसिंगांच्या बांधावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत विहिरीचे दोर एकाला एक बांधून ताणायचे. ताणून झाले की दोराची टोकाला टोक लावून घडी घालायची. दुमडलेला दोर बांधाच्या एका टोकापासून पुन्हा ताणायचा आणि घडी जिथे पोचते तिथपर्यंत चालत जायचं. तो समोरच्या बाजूचा मध्य. तिथून म्हसोबापर्यंत जी रेघ जाईल, ती मध्यगा. याला फायनल पास व्हावं लागत नाही.

त्या मध्यावर मी माझी वळकटी टाकून बसणार आहे. दगड तिथे बसेल, नाही तर मी तिथे बसलेला राहीन. गाडीवानाला सांगून ठेवलं आहे, तळोद्याला पोचायला उशीर होईल.

आता पडवीतल्या बायांनो, तुम्हाला विचारतो. शेताचे दोन सारखे भाग करायचे तर देवाजवळचा कोन निम्मा करायचा की समोरचा बांध? बांध. शाब्बास. सतरंजीवरची मंडळी, तुम्ही? बांध. अध्यक्ष महाराज? आपण मान हलवलीत, मी तो होकार धरतो. पंचांनी वैशाखात केलं ते न कळता केलं. उद्या कराल ते कळून कराल. आणि बन्सीलाल, बाभळीखाली तुम्ही मला विचारलं होतं की हे इथे दुसऱ्या कोणाला ठाऊक आहे. आता मोजा.

कोण बोललं? शांत बसा जरा, दाराशी लोटन काही म्हणतो आहे. हां, बोल लोटन, घाबरू नको.

"मास्तर, दोर मी आनू?"

आण बाबा. जाडा आण, ताणल्यावर तुटणार नाही असा. आणि भावाकडे पाहू नको, माझ्याकडे पाहा. उद्या मोजणीवाल्याने विचारलं की दगड कुठे, तर बोट कुठे दाखवायचं ते तुला आता ठाऊक आहे.

मंडळी, आभार मानायचे राहिले. अध्यक्षांनी वेळ दिला, त्यांचा मी आभारी आहे. उद्याही द्यावा. दिपोटीसाहेबांनी पंगतीत खरं बोलून मोठं काम केलं, त्यांना ते ठाऊकही नव्हतं, म्हणून दुप्पट आभारी आहे. सहकाऱ्यांनी माझा तिरसट स्वभाव चालवून घेतला. स्वयंपाक करणाऱ्या बायांनी वरणाला फोडणी छान दिली होती. सत्कार कमिटीची शाल मी खुर्चीवर ठेवली आहे. पौषातली थंडी आहे आणि माझे खांदे म्हातारे आहेत, तरी उद्याचा दगड बसेपर्यंत ती मी अंगावर घेणार नाही. दगड जागेवर बसला तर बन्सीलालनी ती स्वतःच्या हाताने मला घालावी, मी मान वाकवीन. माझा तो विद्यार्थी आहे, हे मला कुठे पुसता येतं?

मी फार बोललो, समारंभाला न शोभणारं बोललो, मोठ्या माणसांची नावं घेऊन बोललो. बोलण्यात जे उणंअधिक झालं असेल ते माझं वय पाहून पोटात घाला. उद्या मोजण्यात काही उणंअधिक दिसलं तर मात्र पोटात घालू नका, तिथल्या तिथे बोला, मग तो मास्तर असो नाही तर पाटील.

उजाडताच नाल्यावर या. नमस्कार.